शोधायचे पैसे

साशंक : आठ महिन्यांत हा पिवळा दिवा तिसऱ्यांदा लागलाय. पहिल्यांदा लागला तेव्हा गॅरेजवाल्यानं स्कॅनर लावून कोड बघितला आणि ऑक्सिजन सेन्सर गेलाय म्हणाला. साडेसहा हजार. दिवा विझला आणि नवव्या दिवशी परत लागला. मग दुसरीकडे नेली. त्यानं इंजेक्टर धुतले, चारही प्लग बदलले, बेचाळीसशे घेतले. तीन आठवडे बरे गेले. आता तिसरा सांगतोय की इसीएमच, म्हणजे इंजिनाचा कॉम्प्युटरच बदलावा लागेल, कुठे जुना मिळतो का बघतो. गाडी २०१३ची, एक लाख चौदा हजार किलोमीटर झालेली. चालवताना मला मोठी तक्रार जाणवत नाही. घाटात थोडी दमते आणि अ‍ॅव्हरेज सतरावरून चौदावर आलंय. मग मला सांग, ह्या दिव्यानं आजवर मला नेमकं काय सांगितलं? माझी पहिली गाडी १९९४ची, कार्ब्युरेटरवाली. तिच्यात हा दिवा नव्हता. सकाळी चोक ओढल्यावर कशी खोकते, चढावर कशी गुरगुरते, एवढं ऐकून मिस्त्री म्हणायचा की जेट तुंबलाय किंवा पॉइंट जळालेत. तोही चुकायचा. पण चुकला तर स्क्रू अर्धा फेरा फिरवून पुन्हा बघायचा, त्याचे पैसे पडायचे नाहीत. आता एका चुकीला साडेसहा हजार पडतात, आणि चुकणारा म्हणतो, मी नाही म्हणालो, कॉम्प्युटर म्हणाला.

हौशी : कॉम्प्युटर तसं म्हणालाच नव्हता, काका. बिलावर कोड लिहिलेला आहे, पी०१७१. त्याचा अर्थ एवढाच की इंजिनात जळणारं मिश्रण पातळ पडतंय, म्हणजे हवेच्या मानानं पेट्रोल कमी आहे, किंवा निदान तसं दिसतंय. शुद्ध पेट्रोलच्या एका भागाला वजनानं १४.७ भाग हवा लागते. जळून बाहेर पडणाऱ्या धुरात ऑक्सिजन किती उरला, हे सेन्सर सतत कळवत असतो. त्याचा व्होल्टेज ०.१ आणि ०.९ च्या दरम्यान वरखाली होत राहतो. ऑक्सिजन जास्त दिसला की इसीएम पेट्रोल थोडं वाढवतो, कमी दिसला की घटवतो, आणि ही वाढघट टक्क्यांत नोंदवून ठेवतो. पाच-सात टक्क्यांपर्यंत ती रोजच्या कामकाजाचाच भाग असते. पण वाढवत वाढवत आकडा वीस-पंचवीसच्या घरात गेला आणि तरी सेन्सर ‘पातळ’च म्हणत राहिला, तर इसीएम हात टेकतो आणि दिवा लावतो. आता विचार करा, पातळ आहे ही वर्दी दिली कुणी? सेन्सरनं. आणि बदललं काय? सेन्सरच. वर्दी देणाऱ्यालाच गावाबाहेर काढलं आणि चोर गावातच राहिला. सेन्सर स्वतः बिघडला तर त्याचे कोड निराळे असतात. त्याचा हीटर जळाला तर पी०१३५ येतो. तुमच्याकडे तो कधीच आला नाही.

साशंक : मान्य. पण मग हा दिवा इतका मोघम का? पातळ पडायला कारणं किती! पंपाचा दाब कमी, फिल्टर तुंबलेला, इंजेक्टर चोंदलेला, कुठला तरी होज फाटलेला, आणि आणखी डझनभर. ज्याला एकच शब्द येतो त्याच्याकडून माणसानं काय समजायचं? मला तर वाटतं हा दिवा मुळात माझ्यासाठी नाहीच, तो कायद्यासाठी आहे.

हौशी : कायद्यासाठीच आहे. कॅलिफोर्नियात १९८८च्या मॉडेलांपासून ही सक्ती आली. १९९६पासून सगळ्या अमेरिकेत सोळा पिनांचं एकच सॉकेट आणि कोडांची एकच भाषा ठरली. युरोपात पेट्रोल गाड्यांना २००१पासून, आपल्याकडे पहिला टप्पा २०१०मध्ये आणि दुसरा २०१३मध्ये. गाडीचा धूर ठरलेल्या मर्यादेच्या पलीकडे जाण्याची शक्यता दिसली की चालकाला कळावं, एवढंच ह्या दिव्याचं काम. गाडी किती दिवस टिकेल किंवा घाटात किती ओढेल, हे सांगायला तो बसवलेला नाही. म्हणून त्याच्याकडून निकालाची अपेक्षा करू नका. त्याच्यामागे जी नोंद असते ती मात्र मोघम नाही. दिवा लागायला कारण झालेल्या क्षणाचं चित्र इसीएम साठवून ठेवतो. इंजिनाचे फेरे किती, पाणी किती गरम, गाडी उभी की धावती, लोड किती, पेट्रोल किती टक्के वाढवलेलं. त्याला फ्रीझ फ्रेम म्हणतात. तुमच्या तिन्ही गॅरेजांपैकी कुणी ती वाचली?

साशंक : कुणी नाही. पहिल्यानं कोड वाचला आणि लगेच पुसला. दुसऱ्यानंही तेच केलं.

हौशी : आणि पुसलं की ते चित्र जातं. शिकलेले टक्केही शून्यावर येतात. इसीएमला सगळं पहिल्यापासून जमवावं लागतं, आणि बहुतेक दोष लागोपाठ दोन फेऱ्यांत दिसल्याशिवाय तो दिवा लावत नाही. म्हणून नऊ दिवस लागले. ते नऊ दिवस सेन्सरनं दिलेले नव्हते. गाडी होती तशीच होती, फक्त नोंदवही कोरी केली होती. दिवा विझला म्हणजे काम झालं, असं मालक आणि मिस्त्री दोघंही धरून चालतात. आपल्याकडचं अर्धं नुकसान तिथेच होतं.

साशंक : तू हे सगळं म्हणतोस कारण तुला कुणी घाई करत नाही. रविवारी येतोस, फोन काढतोस, ते ब्लूटूथचं यंत्र सॉकेटला लावतोस आणि दोन तास आकडे बघत बसतोस. गॅरेजवाल्यापुढे सकाळपासून सात गाड्या उभ्या असतात. मी तिसऱ्याकडे गेलो तेव्हा आधीच सांगितलं होतं, पाचशे रुपये शोधायचे घे, काहीही बदलू नकोस, फक्त कारण शोध. त्यानं मान हलवली. म्हणाला, ‘साहेब, पाचशे घेतले आणि पार्ट काहीच बदलला नाही, तर तुम्हीच चार लोकांना सांगाल की फुकट पैसे घेतले. आणि तास घालवून एक पाइपच सुटलेला निघाला तर पाइप बसवायचे पन्नास मागताना मलाच लाज वाटते.’ मला उत्तर सुचलं नाही. त्याचं खरं होतं. मी स्वतः आयुष्यभर बिलात पार्टचं नाव शोधत आलोय. नाव दिसलं की पैसे द्यायला हात पुढे होतो, नुसतं ‘तपासणी’ लिहिलेलं दिसलं की कपाळाला आठी.

(इथे मध्ये बोलल्याशिवाय मला राहवत नाही. आपल्या गॅरेजांच्या बिलबुकात पार्ट आणि मजुरी असे दोनच रकाने असतात, आणि मजुरी म्हणजे खोलणं आणि बसवणं. शोधण्याला तिसरा रकाना नाही. जे लिहायला जागा नाही ते काम हळूहळू कुणी करेनासं होतं. पुण्याच्या नाना पेठेतल्या दुकानांतून पार्ट आणून बसवणारा हात चुकीचा नाही. त्या हाताला थांबून विचार करण्याचे पैसे कुणी दिलेले नाहीत. ह्या दोघांच्या वादात मला ही गोष्ट कोडापेक्षा मोठी वाटते.)

हौशी : त्या मिस्त्रीचं मला पटतं. पण त्याचा परिणाम बघा. शोधायला काही मिळत नाही म्हणून तो अंदाजानं पार्ट बदलतो, आणि तुम्ही दोन अंदाजांचे पैसे भरता. पाचशेत जे झालं असतं त्याला दहा हजार सातशे गेले, आणि दिवा अजून तिथेच आहे.

साशंक : झालं असतं हे तू गृहीत धरतोस. तूही चुकतोसच की. तुझ्या सासऱ्यांच्या गाडीचं काय झालं होतं?

हौशी : चुकलो होतो. पी०३०२ आला होता, दुसरा सिलिंडर मिसिंग करत होता. मी सरळ दुसऱ्या सिलिंडरची कॉइल नवी आणली. खरं तर आधी ती तिसऱ्यावर लावून बघायला हवी होती. कोड पी०३०३ झाला असता तर कॉइल दोषी, नाही झाला तर दुसरं काही. बिनपैशाची परीक्षा होती, मी केली नाही. नवी कॉइल बसवली, गाडी मिसिंग करायची थांबली, मी खूश झालो. पावसाळ्याच्या पहिल्या आठवड्यात परत तेच. शेवटी कपलर उघडला, तर आतल्या पिना हिरव्या पडलेल्या. कॉइल बदलताना कपलर काढून घातला गेला, पिना घासल्या गेल्या, म्हणून तात्पुरतं बरं वाटलं होतं. तेव्हापासून मी एक धरून चालतो, दुरुस्तीनंतर दिवा गेला म्हणजे आपलं कारण बरोबर होतं असं नाही. पण ह्यातून यंत्र खोटं ठरत नाही. मी त्याला पुरतं विचारलं नव्हतं.

साशंक : बरं, मग आता माझा मोठा प्रश्न. गाडी २०१३ची. तेव्हा पंपावरच्या पेट्रोलमध्ये इथेनॉल नावापुरतं होतं. आज वीस टक्के आहे. आपल्याच कारखान्यांची मळी, आपल्याच उसाचा रस. मी त्याच्या विरोधात नाही, माझ्या भावाचा ऊस कारखान्यालाच जातो. पण इथेनॉलच्या अंगातच ऑक्सिजन असतो, त्याला जळायला हवा कमी लागते. म्हणजे ज्या इसीएमचं सगळं गणित एका पेट्रोलवर बांधलं, त्याच्या टाकीत आता दुसरंच पेट्रोल पडतंय. त्याला मिश्रण पातळ दिसणारच. मग गाडी बिघडली की गाडीची अपेक्षा जुनी झाली? आणि अपेक्षा जुनी झाली असेल, तर मी कुठला पार्ट बदलायचा?

हौशी : ह्याचं मला सरळ उत्तर देता येत नाही. वीस टक्के इथेनॉल असलं की १४.७ची जागा साधारण १३.५ घेते. म्हणजे शुद्ध पेट्रोलच्या हिशेबानं चालणाऱ्या इंजिनाला सात-आठ टक्के जास्त इंधन सोडावं लागतं. तेवढं इसीएम सोडतो, त्याच्या आवाक्यात आहे ते. एकट्या इथेनॉलनं दिवा लागायला नको. पण त्याच्याकडे वीस-पंचवीस टक्क्यांची जी पुंजी होती, तिच्यातले सात-आठ आधीच खर्च झाले. मग जो छोटासा दोष २०१५मध्ये ह्याच गाडीत असता तरी दिवा लागला नसता, तो आता रेषा ओलांडतो. गेल्या रविवारी मी आकडे बघितले. गाडी जाग्यावर उभी, इंजिन आयडलिंगला, तेव्हा एकोणीस टक्के वाढ. अडीच हजार फेऱ्यांवर नेलं की आठवर. पंप किंवा फिल्टर दोषी असता तर उलट झालं असतं, जास्त पेट्रोल लागतं तिथे आकडा वाढला असता. इथे आयडलिंगला वाढतोय. म्हणजे कुठून तरी न मोजलेली हवा आत येतेय. इंजिन सावकाश फिरतं तेव्हा तेवढी हवा एकूण हिशेबात मोठी दिसते, जोरात फिरतं तेव्हा किरकोळ.

साशंक : आणि घाटात दमते, ते? तुझ्याच म्हणण्यानं ते पंपाकडे बोट दाखवतं.

हौशी : दाखवतं. ते मला नाकारता येत नाही. तिसऱ्यांदा लागलेल्या दिव्याची नोंद शाबूत आहे म्हणून ती बघितली. पाणी ५२ अंश, वेग शून्य. इंजिन अजून तापत असताना, गाडी उभी असताना दिवा लागला. घाटाचा त्यात संबंध नाही. पण घाटातली तक्रार खोटी आहे असंही ह्यातून निघत नाही. मी गाडी नवी असल्यासारखा विचार करत होतो, एक कोड, एक दोष. बारा वर्षांच्या गाडीत तसं नसतं. इथेनॉलचे सात, कुठल्या तरी गळतीचे सहा, थकलेल्या फिल्टरचे तीन, इंजेक्टरांचे दोन, अशी बेरीज होते आणि बेरीज रेषेवर गेली की दिवा लागतो. ह्यातला एकही एकटा दोषी नाही. काय मोडलंय, हा प्रश्नच मग पुरत नाही.

साशंक : हे मला पहिल्यांदा पटलं. आठ महिने मी मोडलेली वस्तू शोधतोय. थांब, तू ५२ अंश म्हणालास ना? सकाळी गाडी सुरू केली की पहिली चार-पाच मिनिटं बॉनेटखालून टिक टिक टिक असा बारीक आवाज येतो. रेस दिली की जोरात येतो. गाडी तापली की पूर्ण बंद. दुसऱ्या गॅरेजवाल्याला मी तो ऐकवायचं म्हणालो होतो, पण तिथे पोहोचेपर्यंत गाडी तापलेली. तो म्हणाला टॅपेट असेल, वयोमानानं होतं.

हौशी : हे आजवर बोलला का नाहीत? थंड असताना टिकटिक आणि तापल्यावर बंद, ही खूण एक्झॉस्ट मॅनिफोल्डच्या गॅस्केटची असू शकते. जोडात बारीक फट पडली की धुराचा प्रत्येक झोत तिथून बाहेर फुटतो, तो आवाज. लोखंड तापून फुगलं की फट मिटते. पण दोन झोतांच्या मध्ये तिथे क्षणभर ओढ तयार होते आणि बाहेरची हवा आत जाते. ऑक्सिजन सेन्सर तिथून जेमतेम वीतभर पुढे. त्याला ऑक्सिजन दिसतो, तो ‘पातळ’ म्हणतो, इसीएम पेट्रोल वाढवतो. मिश्रण खरं तर पातळ नसतंच. नको असलेलं पेट्रोल जळतं आणि सतराचे चौदा होतात. तुमच्या कानानं आठ महिन्यांपूर्वीच ऐकलं होतं, आणि यंत्रात वेळ आणि तापमान लिहिलेलं होतं. दोन्ही एका ठिकाणी आली नाहीत.

साशंक : असू शकते म्हणालास, आहे म्हणाला नाहीस.

हौशी : कारण तपासलेलं नाही. इंजिन बंद ठेवून सायलेन्सरच्या तोंडातून ब्लोअरनं हळू हवा सोडायची आणि मॅनिफोल्डच्या जोडावर साबणाचं पाणी लावायचं. फुगे आले तर गळती. पंक्चरवाला ट्यूब तपासतो तसंच. सगळं इंजिन थंड असताना, नाहीतर फट मिटलेली असते आणि काहीच दिसत नाही.

साशंक : आमचा जुना मिस्त्री उदबत्ती फिरवायचा. धूर जिथे ओढला जातो तिथे गळती.

हौशी : पेट्रोलच्या वासाजवळ उदबत्ती नको, काका. साबणाचं पाणी बरं.

साशंक : बरं. समज फुगे आले. मग? बारा वर्षं तापून थंड झालेले मॅनिफोल्डचे स्टड. पान्याला ताकद लावली की त्यातला एखादा हेडमध्येच तुटतो, हे मी डोळ्यांनी बघितलंय. गॅस्केट काही शेकड्यांचं, पण तुटलेला स्टड काढायला हेड उतरवावं लागलं तर काम कुठल्या कुठे जातं. तीन वर्षांनी आरटीओत पुनर्नोंदणी, ग्रीन टॅक्स. मुलगा म्हणतो विकून टाका. गेल्याच महिन्यात पीयूसी पास झाली. दिवा स्थिर आहे, लुकलुकत नाही. मी तो तसाच राहू दिला तर काय बिघडेल?

हौशी : लुकलुकला असता तर मी तुम्हाला गाडी बाजूला घ्या म्हणालो असतो. मिसिंगमुळे न जळलेलं पेट्रोल कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये जाऊन आतली जाळी वितळू शकते. स्थिर आहे म्हणून वेळ आहे, हे खरं. पीयूसी गरम इंजिनावर होते, तुमची फट तेव्हा मिटलेली असते, म्हणून ती कागदावर आली नाही. पण दिवा कायम लावून ठेवण्यात माझी एकच मोठी हरकत आहे. लुकलुकणं सोडलं तर त्याला दोनच अवस्था माहीत आहेत. तो आधीच लागलेला असेल, तर उद्या क्रँक सेन्सरनं दगा द्यायला सुरुवात केली तरी तुम्हाला कळणार नाही, आणि गाडी खंबाटकी घाटात बंद पडेल तेव्हाच समजेल. शिवाय सकाळी तुम्ही गाडी तापवता तेव्हा समोरच्या वाड्यातली मुलं शाळेच्या रिक्षाची वाट बघत उभी असतात. तो जास्तीचा धूर त्यांच्या वाट्याला येतो. स्टड तुटण्याची भीती मी खोटी म्हणत नाही. आदल्या रात्री तेल सोडून ठेवायचं, घाई करायची नाही, तरीही तुटू शकतो. ती जोखीम घ्यायची की नाही, हे कुठलाही स्कॅनर सांगणार नाही.

साशंक : तेच मला खटकत होतं. तू आकड्यांनी सुरुवात केलीस आणि शेवटी प्रश्न माझ्याच पदरात टाकलास. पण आता निदान प्रश्न कुठला ते कळतंय. साडेसहा हजार दिले तेव्हा तेही माहीत नव्हतं. एक मात्र मनातून जात नाही. माझ्याकडे तू आहेस. स्टँडवरच्या टुरिस्ट गाडीवाल्याकडे कोण आहे? त्याचा दिवा लागला की त्या दिवसाची कमाई थांबते, तो पार्ट बदलून मोकळा होतो. त्यानं शोधायचे पैसे कुठून द्यायचे?

हौशी : मला माहीत नाही. मी रविवारी फुकट बघतो, म्हणून तुम्हाला ते सोपं वाटतं. माझाही तास कुणी मोजला तर त्याला किंमत आहेच. मीच तुमच्याकडून ती घेत नाही, मग मिस्त्रीला द्या असं सांगायचा मला कितपत हक्क आहे, हाही प्रश्नच आहे.

साशंक : काल रात्री मी तिसऱ्या मिस्त्रीला परत फोन केला. म्हटलं, पाचशे आधी देतो, बिलावर ‘कारण शोधण्याची मजुरी’ असं लिहून दे, मी सही करतो, आणि काहीच सापडलं नाही तरी परत मागणार नाही. बराच वेळ गप्प होता, मग येतो म्हणाला. तू सकाळी सातच्या आत ये, ब्लोअर आणि साबणाचं पाणी घेऊन. गाडी रात्रभर उभी असेल, इंजिन पूर्ण थंड असेल. दिवा लागलेला आहे आणि ह्या वेळी कोड मी कुणाला पुसू दिलेला नाही.